मुक्या पाहुण्याचं पान

आमच्या घरात संध्याकाळचे दोन आवाज ठरलेले होते, एक स्टोचा आणि दुसरा विमानाचा. घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ होती आणि सांताक्रूझला उतरणारी विमानं तिच्या पत्र्यांवरून इतकी खाली येत, की बाहेर काढलेली चाकं दिसत. विमान आलं की ज्याचं बोलणं जिथे असेल तिथे थांबवायचं आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं, अशी आमच्याकडची रीत होती. भांडण ऐन रंगात आलेलं असतानाही आई आणि बाबा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत उभे राहत. मग विमान जाई आणि भांडण अर्ध्या वाक्यावरून पुढे चालू होई. नव्या पाहुण्यांना याची गंमत वाटे. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे.

खोली एक, माणसं चार. बाबा, आई, मी आणि आत्या. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात. आत्याला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माहेरी आणून सोडलं आणि तो पुन्हा न्यायला आला नाही. याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नसे. आधी ती गावी थोरल्या काकांकडे होती, मग आमच्याकडे आली, आणि मला आठवतं तेव्हापासून माझ्या शेजारी तिचंच अंथरूण असे. डोंगराच्या पायथ्याला एक बालवाडी होती, तिथे ती मदतनीस होती. मुलांना घरोघरून गोळा करून आणायचं, नाकं पुसायची, उसळ वाटायची, आणि बारा वाजता ज्याचं मूल त्याला नेऊन द्यायचं. शिकवायच्या मराठेबाई. पण मराठेबाई दुपारी दमल्या की गाणी आत्याच घेई. चाळीतली निम्मी पोरं तिला बाईच म्हणत, आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, "बाई नाय रे, सुलूमावशी म्हण."

मराठेबाई मुलाकडे बडोद्याला कायमच्या जायच्या ठरल्या आणि त्यांनी बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांना आत्याचं नाव सुचवलं. संस्थेचं म्हणणं एवढंच होतं की बाईच्या जागेवर दहावी पास लागते. जूनपर्यंत पास झाल्याचं दाखवा, जागा तुमची. आत्या गावी दहावीला बसली होती. बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी राहिलं होतं. मध्ये बरीच वर्षं गेली होती. तिने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला, आणि तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिच्याखेरीज घरात इंग्रजी पाचवीच्या पुढे गेलेली मी एकटीच होते. मी आठवीत होते आणि माझ्या वर्गात गणितात पहिली यायची.

इथे थोडं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. आता मी एका ऑफिसात हिशेब बघते आणि घरचाही जमाखर्च रोजच्या रोज लिहिते. मला आकडे आवडतात, कारण आकडा आपलं म्हणणं लपवत नाही. शून्यसुद्धा आपल्या जागी बसून काम करतं. त्यामुळे आत्याला इंग्रजी शिकवायचं म्हटल्यावर मी आधी नियम शोधायला बसले. शब्दाच्या शेवटी 'ई' आली तर ती स्वतः गप्प राहते आणि मागच्या स्वराला लांबवते, असा एक नियम मला सापडला. 'केक', 'नोट', 'टाइम' हे सगळे त्यात बसले. मला इतका आनंद झाला की मी आईला स्टो बंद करायला लावून तो ऐकवला. दुसऱ्या दिवशी 'हॅव' आला, 'गिव्ह' आला, 'कम' आला, आणि यांपैकी एकानेही नियम जुमानला नाही. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तिने मला फारच हताश केलं: जे शब्द लोक क्वचित वापरतात ते बऱ्यापैकी नियमाने वागतात, आणि जे दर वाक्यात लागतात तेच नेमके वाटेल तसे वागतात. मी शाळेत आमच्या इंग्रजीच्या सरांना याचं कारण विचारलं. सर खडू झटकत म्हणाले, "ते इंग्रजांना जाऊन विचार. तू पाठ कर."

आत्याला नियमांचं काही नव्हतं. ती सुपात तांदूळ निवडत बसे आणि मी समोर पुस्तक घेऊन. सुरीला इंग्रजीत 'नाइफ' म्हणतात पण लिहिताना आधी 'के' लिहायचा, तो बोलायचा नाही, असं मी सांगितलं, तेव्हा तिने हात थांबवून विचारलं, "मग तो थंय कित्याक बसलोहा?"

"माहीत नाही. असतो."

तिने खडा वेचून बाजूला टाकला. "म्हंजे मुको पाव्हणो. बोलाचो नाय, पण पाटावर येवन बसतलो. त्येचा पान मांडूकच व्हया."

तेव्हापासून आमच्याकडे मुक्या अक्षरांना मुके पाहुणे म्हणू लागले. गुडघ्याचा 'नी', जाणण्याचा 'नो', दारावरचा 'नॉक' यांच्याकडे येणारा पाहुणा 'के', आणि तो दारातच बसतो. कोकराचा 'लॅम', कंगव्याचा 'कोम', अंगठ्याचा 'थम' यांच्याकडे येणारा 'बी', तो मागच्या पडवीत बसतो. 'नाइट', 'लाइट', 'फाइट' यांच्याकडे 'जी' आणि 'एच' हे नवराबायको, दोघं जोडीने येतात आणि दोघंही तोंड उघडत नाहीत. अशी घरं तिने लावली आणि मला आश्चर्य वाटेल इतक्या पटापट ती तिच्या डोक्यात बसली. हे नियम नव्हते. कोण कोणाकडे येऊन-जाऊन असतो, एवढंच ते होतं, आणि ते लक्षात ठेवायची आत्याला जन्माची सवय होती. फक्त एक कुटुंब तिला पुरून उरलं. ओ-यू-जी-एच. तीच चार अक्षरं 'थ्रू'मध्ये एक बोलतात, 'कफ'मध्ये दुसरं, 'दो'मध्ये तिसरं, आणि 'बॉट'मध्ये चौथं. मी ते सगळे शब्द एकाखाली एक लिहून दाखवले. आत्याने ते बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "ही भावकी गो बायो. आडनाव एक, पण एकाचा दुसऱ्याशी पटाचा नाय."

तरीही अक्षरांचा क्रम चुके. पाहुणा ओळखीचा असायचा, पण पाट भलत्याच जागी पडायचा. मग एक दिवस बाबांनी थट्टेत जे केलं त्याने सगळं बदललं. आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस नारळावर हात ठेवून देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. त्या संध्याकाळी आत्या 'नाइफ'वर तिसऱ्यांदा अडली, तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या बाबांनी गाऱ्हाण्याचा सूर लावला, "बा देवा म्हाराजा, माझ्या भैणीक आज सुरी गावना नाय म्हाराजा!" आई स्टोजवळून हसत ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि आत्याने त्याच सुरात पुढे धरलं, "के—" "व्हय म्हाराजा!" "एन—" "व्हय म्हाराजा!" "आय—एफ—ई—" प्रत्येक अक्षराला होकार, आणि सुरी सापडली.

मग रोज तसंच सुरू झालं. मी शब्द मराठीत सांगायची, आत्या एकेक अक्षर म्हणायची, आणि घर होकार भरायचं. ज्या अक्षराला होकार मिळाला ते तिच्या डोक्यात पक्कं बसे. चुकलं तर आम्ही गप्प राहायचो, आणि गप्प राहिलो की तिला आपोआप कळे. आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या सोनकांबळे मावशी दारात येऊन उभ्या राहू लागल्या. त्या नांदेडकडच्या, त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. बाबांनी त्यांना आत बोलावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाचं तुमचं तुम्ही बघा बाई. स्पेलिंगला मात्र मी हो म्हणते." आणि खरंच, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचो तेव्हा त्या उंबऱ्यावर बसून वेगळ्या सुरात 'हो बाई' म्हणायच्या. विमान आलं की आम्ही सगळे थांबायचो. आत्या पुढचं अक्षर तोंडात धरून छताकडे बघत बसायची आणि आवाज विरला की बरोबर तिथूनच उचलायची. कुळथाची पिठी रटरटायला लागली की दिवसाचा अभ्यास संपे. ती पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा यांच्या वासाबरोबर मला अजूनही 'डॉटर' हा शब्द आठवतो, कारण तो त्या भावकीचाच, 'ओ'च्या जागी 'ए' घेऊन आलेला एक चुलता होता आणि आत्याला तो कधीच जमत नसे.

शिमग्याच्या आधी थोरले काका गावाहून आले. ते आले की बाबा त्यांच्यासमोर पाय दुमडून बसत. चहा झाल्यावर काका म्हणाले की काकूचे गुडघे गेलेत, काजूच्या-लावणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, सुलूला घेऊन जातो. बाबांनी बालवाडीचं सांगितलं. काका म्हणाले, "जागा गावली तर ऱ्हव दे. माझो काय ना नाय. नाय गावली तर जूनात मी येतंय." आत्या कपबशा विसळत होती. तिने मान वर केली नाही. काका गेल्यावर मात्र ती मला म्हणाली, "बायो, थंय सकाळी उठान रात्री निजापर्यंत माका कोण हाक मारता म्हायत आसा? म्हशी." आणि हसली. मग तिने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

पेपराच्या दिवशी बाबांनी खरं गाऱ्हाणं घातलं. पहिली पाळी असूनही त्यांनी थोडा उशीर करायचं ठरवलं होतं. नारळ, अगरबत्ती, आत्या ठेवणीतल्या निळ्या काठाच्या साडीत. "बा देवा म्हाराजा! बारा वाटांच्या, बारा शिवांच्या मालका! आज ह्या घरातली लेक इंग्रजीच्या पेपराक बसता हा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तिच्या हातान जा काय लिवला जायत ता बरोबर लिवान घे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "काय चुकला-माकला तर तपासणाऱ्याक बरी बुद्धी दी म्हाराजा!" सोनकांबळे मावशी त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. आईने आत्याच्या हातावर दही-साखर घातली. मी आत्याबरोबर गेले, कारण आम्हाला सुट्टी होती.

केंद्राच्या फाटकावर शिपायाने आत्याला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." आत्याने परीक्षेचं कार्ड दाखवलं. त्याने ते उलटसुलट बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे वा. जा मावशी, जा." आजूबाजूच्या स्कर्टातल्या मुली हसल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त हसल्या. आत्या जिन्यावरून वर गेली आणि मी समोर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी सावलीत उभी राहिले. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या होत्या, पण आतलं काही दिसत नव्हतं. तेव्हा मला मुळीच काळजी नव्हती. आत्याला येणारे शब्द मी मोजून ठेवले होते, पस्तीस मार्कांना किती लागतील याचा अंदाज काढला होता, आणि आमच्याकडे शिल्लक पडत होती.

मुली बाहेर येऊ लागल्या, आत्या सगळ्यांत शेवटी आली. पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. तिने मला बघितलं आणि चालू लागली. चढ सुरू झाल्यावर एका पायरीवर बसली. मी विचारलं, "कसा गेला?"

"गेलोच नाय गो."

मग तिने सांगितलं. पेपर बघितला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. निबंध आम्ही करून ठेवलेल्यांपैकीच होता. तिने पहिला शब्द घेतला, पहिलं अक्षर लिहिलं, आणि थांबली. कोणी होकार भरला नाही. तिला वाटलं, चुकलं. तिने ते खोडलं, दुसरं लिहिलं. पुन्हा शांतता. मग ती अक्षरं ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, स्वतःच होकार भरू लागली. पर्यवेक्षक बाई आल्या आणि म्हणाल्या, बोलू नका. पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी तिला उठवून सगळ्यांच्या पुढे, आपल्या टेबलाशेजारी आणून बसवलं आणि सांगितलं, तोंड मिटून लिहा, मुलींना त्रास होतो.

"तोंड मिटलंय," आत्या म्हणाली. "आणि एक अक्षर येना. सगळे माका दिसत होते गो, मुके पाव्हणे. पण कोण खंय बसता ताच कळाना. विमान गेला तेव्हा माका वायच बरा वाटला. तेव्हा मी मोठ्यान म्हणून घेतलंय, तेवढा लिवलंय."

मी अनेकदा याचा हिशेब मांडून बघितला आहे. तिला सगळं येत होतं यात शंका नाही. आम्ही तिला चार तोंडांनी मिळून शिकवलं होतं आणि शांत बसून लिहायला लावायचं आमच्यापैकी कोणाला सुचलंच नव्हतं, कारण आमच्या घरात शांत असं काही नव्हतंच. विमानाच्या वेळी आम्ही गप्प व्हायचो, तीही शांतता नव्हती. कोण चुकलं असं म्हणायचं? पर्यवेक्षक बाईंचं तरी काय चुकलं? आकडेमोडीत चूक झाली की मागे मागे जाऊन एक ठिकाण सापडतं. इथे मला ते आजवर सापडलेलं नाही. परवा माझी मुलगी फोनवर काही लिहीत होती. तिने शब्द चुकीचा लिहिला आणि फोनने तो आपला आपण दुरुस्त केला. तिचं लक्षही गेलं नाही. मी मात्र त्या पडद्याकडे बघत राहिले. एवढा एक मुका होकार आत्याला त्या दिवशी मिळाला असता तर.

जूनमध्ये निकाल लागला. सांगण्यासारखं काही नव्हतं. मराठेबाईंनी संस्थेत शब्द टाकून बघितला, पण नियम तो नियम, आणि बालवाडीत भटवाडीकडची एक मुलगी आली. आत्याने तिला पोरांची नावं आणि कोणाला उसळीतली मिरची चालत नाही ते सगळं सांगितलं. काका म्हटल्याप्रमाणे आले. आईने, जी एरवी त्यांच्यासमोर बोलत नसे, दारामागून म्हटलं, "त्या हयसरच ऱ्हवांदेत. आक्टोबरात परत बसतील."

"ऱ्हवांदे. खंय?" काका आवाज न चढवता म्हणाले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "ह्या खोलयेत? चेडू मोठा झाला. त्येका आता जागा नको?"

बाबांनी तोंड उघडलं. विमान नव्हतं, तरी त्यांचं वाक्य आलं नाही. मी बाबांकडे बघत होते. ते माझ्या पायांकडे बघत होते. मी पाय जवळ ओढून घेतले, जितके घेता येतील तितके. मला जागा नको, असं मी म्हणायला हवं होतं की काय हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी ते कोणी मोजलं नसतं. त्या घरात मोठ्या भावाचा शब्द खाली पडत नसे. काका वाईट माणूस नव्हते, हेही इथे लिहून ठेवते. त्यांना खरंच माणसाची गरज होती आणि आमच्याकडे खरंच जागा नव्हती.

आत्या नंतर आमच्याकडे लग्नाकार्याला आली, राहायला आली नाही. दहावीला पुन्हा बसली नाही. मी गावी गेले की मला 'डॉटर'चं स्पेलिंग विचारी, आणि मी सांगितलं की म्हणे, "बरोबर. मीव तसाच म्हणतंय."

ती निघाली ती दुपार मला आठवते. ट्रंक दाराबाहेर, काका खालच्या पायरीवर उभे. आईने वाटेसाठी आंबोळ्या बांधून दिल्या होत्या. चाळीतली पोरं जमली होती, त्यातलं एक "बाई, बाई" करत तिच्या साडीला धरून होतं, आणि त्या दिवशी तिने त्याला मावशी म्हण असं सांगितलं नाही. परगावी निघालेल्या माणसासाठी गाऱ्हाणं घालावंच लागतं. बाबांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरातली लेक वाटेक लागता हा म्हाराजा! तिका सुखान पोचय, आणि जशी जाता तशी ह्या घरात परत—"

विमान आलं. आम्ही सगळे थांबलो, बाबा नारळ धरून, आई पदर तोंडाशी धरून, सोनकांबळे मावशी उंबऱ्यावर. आत्या छताकडे बघत होती, जशी रोज बघायची तशी. आवाज विरत विरत सांताक्रूझकडे गेला.

"—परत घेवन ये म्हाराजा," बाबा म्हणाले.

होकार भरायचा होता. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. मावशींनी मान खाली घातली होती. कोणीच काही म्हणालं नाही. आणि आमच्याकडे गप्प राहण्याचा अर्थ काय, तो आत्याला ठाऊक होता.

तिने एकदा आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. मग ट्रंकेची कडी उचलली आणि मोठ्याने, त्याच सुरात, स्वतःच म्हणाली, "व्हय म्हाराजा."